एका चुलीचे घर : कर्मवीर भाऊराव पाटील

(द्वितीय वर्ष, कला)

खेड्यातून महाविद्यालयात नाव घालायला निघालेल्या मुलामुलींपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, हा. इतिहास घ्यावा की अर्थशास्त्र, कोणते प्राध्यापक चांगले शिकवतात, हे प्रश्न त्यानंतरचे. ज्यांच्या घरात आधी कोणी शिकलेले असते त्यांची शहरात कोणीतरी आत्या, मामा, ओळखीचे बिऱ्हाड असते. ज्यांच्या घरात आपणच पहिले, त्यांना मात्र एस. टी. स्टँडवर उतरल्यापासून सगळेच परके असते. म्हणून आमच्यासारख्यांच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा झाला तर तो शाळांच्या इमारतींपासून सुरू न करता वसतिगृहांच्या स्वयंपाकघरापासून सुरू करावा लागेल, असे मला वाटते. आणि त्या इतिहासात पहिल्या पानावर ज्यांचे नाव येईल ते कर्मवीर भाऊराव पाटील होत.

त्यांच्याआधीची परिस्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुणे, सातारा, कोल्हापूर अशा गावी शिकायला येणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलाला निदान वार लावून जेवता येत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा निघायचा. नाहीतर माधुकरी मागायची. यात अपमान होताच, पोटही अर्धेच भरत असे. पण एक वाट होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महार-मांगांच्या मुलाला तीही वाट नव्हती. त्याला वार कोण देणार? शाळा कायद्याने सर्वांना खुली असली तरी मुलगा शाळेपर्यंत पोहोचायचा कसा? रात्री पाठ टेकायला जागा नाही आणि सकाळी भाकरी नाही, अशा मुलाला उघडा दरवाजा काय कामाचा?

हे ओळखले कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. 1896 मध्ये त्यांनी राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी म्हणून एक वसतिगृह काढले होते. पण व्यवस्था ज्यांच्या हाती होती त्यांनी आपल्याच जातीची मुले भरली आणि बहुजन समाजाची मुले बाहेर राहिली. मग महाराजांनी दुसरा मार्ग धरला. प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांचे वसतिगृह चालवावे आणि संस्थानाने त्यांना जागा, इमारत, पैसा द्यावा, असे ठरले. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले, 1906 मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, पुढे लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, पांचाळ, ख्रिस्ती अशा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघत गेली. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरांच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच.

अमेरिकेतील कॉलेजांत ग्रीक अक्षरांची नावे घेतलेले विद्यार्थ्यांचे बंधुसंघ असतात आणि त्यांची स्वतःची राहण्याची घरे असतात, हे इंग्रजीच्या तासाला सरांकडून कळले तेव्हा मला आधी गंमत वाटली. त्या घरांत नवीन कोणाला घ्यायचे ते आधीपासून राहणारे सभासद ठरवतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांपैकी अनेक संघांच्या नियमातच गोऱ्या ख्रिस्ती मुलांखेरीज इतरांना प्रवेश नाही, असे लिहिलेले होते. मग माझी गंमत ओसरली. कारण बंधुत्व हा शब्द दारावर लिहिला तरी दारात कोण उभा आहे आणि कोणाला आत घेतो, यावरच सगळे अवलंबून असते. कोल्हापूरच्या जातवार बोर्डिंगांनी हजारो मुलांना शिकवले. त्यांचे उपकार कोणी नाकारू नयेत. परंतु तिथेही प्रत्येक जातीची चूल निराळीच होती, आणि याच चुलीवरून भाऊरावांचे पुढचे आयुष्य बदलले.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी घराण्यात झाला. हे गाव त्यांच्या आजोळचे. मूळ घर ऐतवडे बुद्रुकचे. वडील सरकारी खात्यात कारकून होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत गेल्या. अभ्यासात भाऊरावांचे लक्ष कमी, तालमीत आणि पोहण्यात अधिक. पण अन्याय दिसला की हा मुलगा गप्प बसत नसे. एका विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी तिचा रहाटच मोडून टाकल्याची हकीकत त्यांच्या बहुतेक चरित्रांत आहे. रहाट मोडल्याने त्या लोकांना पाणी मिळाले का, हा प्रश्न मला वाचताना पडला. बहुधा नसेल मिळाले. रहाट मोडणारा मुलगा आणि पुढे वसतिगृह बांधणारा माणूस यांच्यातला फरक मला इथेच दिसतो.

इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. बोर्डिंगाची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे स्वतः उच्चविद्याविभूषित आणि सुधारक विचारांचे गृहस्थ. पुढे ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. पण बोर्डिंगाचे नियम ते बोर्डिंगाचे नियम! मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला भाऊराव हजर राहिले आणि परत आले. अस्पृश्यांच्यात मिसळून आलेल्या विद्यार्थ्याने आंघोळ केल्याशिवाय जेवणघरात पाऊल टाकायचे नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला. झाले, त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

एक बादली पाण्याचा प्रश्न होता. ते पाणी अंगावर ओतून घेतले असते तर जेवण मिळाले असते, शिक्षणही कदाचित पुरे झाले असते. पण आपण काही विटाळलेलो नाही हे ज्याला मनापासून वाटते त्याने ती आंघोळ करायची कशासाठी? त्या दिवशी त्यांना जो धडा मिळाला तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. समाज सुधारलेला आहे की नाही हे सभेच्या मांडवात कळत नाही, ते पंगतीत कळते.

बोर्डिंग सुटल्यावर शाहू महाराजांनी त्यांना आपल्या छत्राखाली ठेवून घेतले. महाराजांचा सहवास मिळाला, पण परीक्षेने काही दया केली नाही. भाऊराव इंग्रजी सहावीत नापास झाले. असे सांगतात की खुद्द महाराजांनी शब्द टाकूनही त्यांच्या शिक्षकांनी त्यांना वर चढवले नाही. भाऊराव ज्या बाकावर बसतात तो बाक एक वेळ वरच्या वर्गात पाठवीन, पण या मुलाला नाही, असे ते बाणेदार गुरुजी म्हणाले. ही आख्यायिका खरी असेल तर मला त्या गुरुजींचेही कौतुक वाटते. राजाच्या शब्दाला नाही म्हणणारे मास्तर आणि आंघोळीला नाही म्हणणारा विद्यार्थी एकाच शाळेत होते!

शिक्षण संपले, लग्न झाले होते, आणि पोटाचा उद्योग शोधणे भाग होते. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. ज्याला सहावी उत्तीर्ण होता आले नाही तो शिकवण्या घेतो, यावर आज आपण हसू. पण त्यांच्या शिकवण्या चांगल्या चालत होत्या.

याच सुमारास, 1914 मध्ये, कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. त्या प्रकरणात पोलिसांना लठ्ठ्यांना गुंतवायचे होते आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्यांनी आपल्याला वसतिगृहातून काढले त्यांच्यावर सूड उगवायची अशी आयती संधी कोणाला मिळते? भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्याबद्दल त्यांना अटक झाली, कोठडीत छळ झाला. तो इतका असह्य झाला की त्यांनी आपला जीव देण्याचाही प्रयत्न केला. शेवटी ते सुटले. एका बादली पाण्यासाठी जो माणूस हटला नाही, तो कोठडीतही हटला नाही. आणि ज्या संस्थानच्या पोलिसांनी हे सारे केले त्याच संस्थानच्या राजाचे नाव पुढे त्यांनी आपल्या वसतिगृहाला दिले. महाराजांचे कार्य आणि आपल्यावर झालेला अन्याय यांची त्यांनी गल्लत केली नाही.

यानंतरची काही वर्षे विक्रेत्याची. ओगल्यांच्या काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव फिरले. साताऱ्यात कूपर यांच्याबरोबर नांगरांचा कारखाना उभा करण्यातही त्यांचा हात होता, पण पुढे मतभेद होऊन ते बाहेर पडले. चरित्रे वाचताना आपण ही वर्षे भराभर उलटतो. तसे करू नये. लोखंडी नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याचे कर्ज किती, बैल किती, मुले काय करतात हे विचारावे लागते. महाराष्ट्राचा शेतकरी का गरीब आहे हे भाऊरावांनी अशा ओसऱ्यांवर बसून जाणले. त्यातून त्यांच्या मनाने एक गोष्ट पक्की घेतली, की नवा नांगर आला तरी तो धरणाऱ्याला सावकाराचा कागद वाचता आला पाहिजे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होतेच. जिथे माल विकायला जात तिथे सभाही घेत.

1910 मध्ये दुधगाव येथे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहाचा पहिला प्रयत्न केला होता. खरा पाया घातला गेला तो 4 ऑक्टोबर 1919 रोजी. कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक परिषद भरली असताना रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावातच रयत हा शब्द घेतला. 1924 मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तिथे ते वसतिगृह सुरू झाले, ज्यासाठी हा लेख लिहायला बसले.

ते कसे चालत असे? पाणी मुलांनीच ओढायचे, लाकडे मुलांनीच फोडायची, भाकऱ्या पाळीपाळीने मुलांनीच थापायच्या, झाडलोट मुलांनीच करायची. नोकर नाही, आचारी नाही. यात काटकसर होती हे उघड आहे; पण त्याहून मोठा डाव यात होता. आचारी ठेवला की तो कोणत्या जातीचा, हा प्रश्न येतो. सगळ्यांनीच स्वयंपाक करायचा म्हटल्यावर आज मराठ्याच्या मुलाने केलेली भाकरी महाराचा मुलगा खातो आणि उद्या महाराच्या मुलाने केलेली भाकरी मराठ्याचा, जैनाचा, मुसलमानाचा मुलगा खातो. चार दिवस तोंडे वाकडी होत असतील, पाचव्या दिवशी भूक लागतेच! भाऊरावांनी समतेवर व्याख्याने थोडी दिली असतील. ताटे मात्र त्यांनी एका ओळीत मांडली.

पैसा कुठून येई? मोठ्या देणग्या फार थोड्या. गावोगावच्या बायकांनी रोजच्या स्वयंपाकातून एक मूठ धान्य बाजूला काढायचे आणि ते गोळा करून वसतिगृहाला आणायचे, असा मुष्टिफंड त्यांनी उभा केला. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्य मागायचे. ज्याला शक्य आहे त्याने आपल्या मुलाबरोबर ज्वारी पाठवायची, ज्याला शक्य नाही त्याच्या मुलाने तसेच यायचे. माझी आजी सांगते की तिच्या सासरी चुलीशेजारी असे एक गाडगे असायचे. त्यातले धान्य कुठे जायचे हे तिला नक्की माहीत नव्हते. शाळेच्या पोरांना जाते एवढेच ठाऊक होते. आजीने शाळा पाहिली नाही. पण एक मूठ तिचीही गेली आहे, असे मी धरून चालते.

1927 साली महात्मा गांधी साताऱ्याला आले असता त्यांनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्यांच्याच हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतात, एकत्र शिजवतात आणि खातात हे पाहून आपल्याला साबरमतीला जे साधले नाही ते इथे साधले आहे, अशा अर्थाचे उद्गार गांधीजींनी काढले. पुढे 1932 मध्ये पुणे करार झाला, तेव्हा त्याची आठवण म्हणून पुण्यातही सर्व जातींच्या मुलांसाठी युनियन बोर्डिंग सुरू करण्यात आले. करारावर सह्या करणारे थोर पुढारी होते. तो करार रोजच्या जेवणात उतरवायचा म्हणजे काय, हे भाऊरावांनी पाहिले.

आता ज्यांच्याविषयी प्रत्येक लेखात दोन ओळी असतात त्यांच्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. भाऊरावांना मुले अण्णा म्हणत आणि लक्ष्मीबाईंना वहिनी. लक्ष्मीबाई कर्मठ जैन घरातून आलेल्या. सोवळे-ओवळे पाळणे हा त्यांच्या वाढीचाच भाग होता. नवऱ्याने एके दिवशी घरात सगळ्या जातींची मुले आणली आणि ही आपली म्हणून सांभाळ, असे सांगितले. त्यांच्या मनात काय झाले असेल? ते कोणी लिहून ठेवलेले नाही. एवढेच ठाऊक आहे, की त्यांनी ती मुले आपली मानली, त्यांची आजारपणे काढली, त्यांना न्हाऊ-माखू घातले. भाऊराव सदा फिरतीवर. मागे कोठीत धान्य संपले की एकेक दागिना सराफाकडे जाई. अंगावरचे सोने असे संपले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना मुलांना घालायला घरात काही उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही देऊन टाकले.

आपल्याकडे या प्रसंगाचे वर्णन करताना वक्त्यांचे डोळे भरून येतात. माझेही आले. पण एक मुलगी म्हणून मला असेही वाटते, की या त्यागाचे आपण फार लवकर कौतुक करून मोकळे होतो. नवरा जिवंत असता मंगळसूत्र उतरवणे ही त्या काळातल्या बाईला केवढी भीतीची गोष्ट असेल! शेजारच्या बायका काय बोलल्या असतील! भाऊरावांनी आपले आयुष्य आपण होऊन रयतेला दिले. लक्ष्मीबाईंचे आयुष्य त्यात ओढले गेले, आणि मग त्यांनी ते आपले करून घेतले. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि मला तरी दुसरी अधिक अवघड वाटते. 1930 मध्ये त्या गेल्या. आपल्या हाताखालची मुले पदवीधर झालेली त्यांना पाहता आली नाहीत. पुढे त्यांच्या नावाने संस्थेने मुलींचे वसतिगृह काढले. एवढ्या मुलांचे जेवण जिने पाहिले तिच्या नावाने मुलींना छप्पर मिळाले, हे योग्यच झाले.

वसतिगृह स्थिरावल्यावर भाऊरावांच्या ध्यानात आले, की मुले इथे येतात ती चौथी-पाचवी शिकलेली. ज्या गावात शाळाच नाही तिथल्या मुलाने यायचे कुठून? मग उलटा प्रवास सुरू झाला. साधारणपणे लोक आधी शाळा काढतात आणि मग तिच्यासाठी वसतिगृह. भाऊरावांनी आधी घर केले आणि मग त्या घरातल्या मुलांसाठी शाळा. 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. तिथून बाहेर पडलेले शिक्षक डोंगरकपारीच्या वाड्यांवर पाठवून स्वयंसेवी शाळा उघडल्या. कुठे देवळात, कुठे चावडीत, कुठे झाडाखाली. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, विनाशुल्क आणि मुलांनी श्रम करून शिकायचे. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. तिथे कमवा आणि शिका ही योजना होती. कॉलेजातील विद्यार्थी शेतात, बांधकामावर काही तास काम करी आणि त्यावर त्याची फी व जेवण भागे. आज अनेक महाविद्यालयांत ही योजना आहे. बागेला पाणी घालणारी, ग्रंथालयात पुस्तके लावणारी आपली मित्रमंडळी पाहिली की तिचे मूळ गाव सातारा आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

शिवाजी कॉलेजची एक हकीकत प्रसिद्ध आहे. कोणी एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, अट एवढीच की कॉलेजला आपले नाव द्यावे. भाऊरावांनी उत्तर दिले, की एक वेळ मी माझ्या बापाचे नाव बदलीन, पण शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही. संस्थेला पैशाची किती गरज होती हे मुष्टिफंडावरून आपण पाहिलेच आहे.

महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला. दरम्यान सरकारशी खटका उडाला आणि 1948 साली संस्थेचे अनुदान बंद झाले. संस्था मोडते की काय अशी वेळ आली. पण लोकांनी मदत केली, गाडगे महाराजांसारखे संत पाठीशी उभे राहिले, आणि लोकमताच्या रेट्यापुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. गाडगे महाराजांचेच नाव 1954 मध्ये कराडच्या कॉलेजला देण्यात आले. ही वर्षे धावपळीची, कागदपत्रांची आणि उद्घाटनांची आहेत. खरे सांगायचे तर मला त्यांत साताऱ्याच्या त्या पहिल्या स्वयंपाकघराइतका रस वाटत नाही.

कारण तिथला प्रश्न अजून सुटलेला नाही. अकरावी-बारावीला मी एका वसतिगृहात होते. तिथे जातीचा कोणताही नियम भिंतीवर लावलेला नव्हता. सगळ्यांना एकच भाजी, एकच आमटी. पण महिन्याभरात टेबले आपोआप वाटली गेली. कोणाचे आडनाव काय, कोणत्या तालुक्याची, डबा कोणाच्या घरून येतो आणि त्यात काय असते, यावरून मुली बसू लागल्या. कोणी कोणाला उठवले नाही, कोणी काही बोलले नाही. नवी मुलगी ताट घेऊन मधे उभी राही आणि डोळ्यांनीच तिला तिची जागा दाखवली जाई. भाऊरावांच्या वेळी निदान आंघोळ करून ये असे तोंडाने सांगत, म्हणून त्याला नाही म्हणता आले. डोळ्यांना नाही कसे म्हणायचे? शाहू बोर्डिंगात स्वयंपाक मुलेच करीत, यातले शहाणपण मला तेव्हा कळले. शेजारी बसून जेवणे सोपे आहे, मान खाली घालून जेवता येते. एकत्र भाकरी थापताना मान खाली घालून चालत नाही. कोणाची करपली, कोणाची फुगली, यावर बोलावेच लागते.

त्या घरातून निघालेली मुले कुठवर गेली? एक उदाहरण पुरे. शेतकरी घरातले पी. जी. पाटील भाऊरावांच्या छायेत शिकले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि वकिलीत पैसा मिळवण्याऐवजी परत रयतेच्याच कामाला लागले. पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या कोल्हापुरात गुरूला सहावीत थांबावे लागले, त्याच कोल्हापुरात शिष्य कुलगुरू! मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, शेतकरी झालेली बाकीची मुले किती, त्यांची नावे कोणत्या पुस्तकात सापडणार? आपल्या महाविद्यालयातील कित्येक जणांच्या घरी चौकशी केली तर एखादा आजोबा, एखादा चुलता रयतेचा निघेल.

पांढरी दाढी, खादीचे कपडे, हातात काठी, अशी भाऊरावांची मूर्ती शेवटच्या काळात साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाली होती. स्वतःची मालमत्ता त्यांनी केली नाही. 1959 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. इंग्रजी सहावीच्या निकालानंतर त्यांच्या वाट्याला आलेला विद्यापीठाचा हा निकाल होता. पण तोवर शरीर थकले होते. 9 मे 1959 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्याला आहे. त्या वर्षी संस्थेची तीन महाविद्यालये, शंभराहून अधिक हायस्कुले आणि 38 वसतिगृहे चालू होती. त्या 38 पैकी एकाही वसतिगृहात जातीप्रमाणे निराळी चूल नव्हती.